लाल बिल्डचा पाठलाग : पतसंस्था सॉफ्टवेअरच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, १६ जून २०२५

मुख्य ब्रँचचं (सगळ्यांच्या सामाईक कोडचं) बिल्ड, म्हणजे कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारी फेरी, सकाळी लाल: कुठली तरी टेस्ट पडलेली. कुणीतरी 'पुन्हा चालवा' दाबलं, दुपारी हिरवं. मधल्या वेळात कोडची एक ओळही बदललेली नाही. गेले कित्येक महिने हेच चाललं आहे आणि आता लाल बिल्ड उघडून बघण्याची तसदीही कुणी घेत नाही. ३० जूनला तिमाही संपते. त्याआधी पतसंस्थांना मुदत ठेवीच्या व्याजाची नवी आवृत्ती द्यायची आहे. सीआयवर, म्हणजे हे बिल्ड चालवणाऱ्या यंत्रणेवर, कुणाचा विश्वासच नसेल तर ती द्यायची कशाच्या जोरावर? सरांकडे दोन आठवडे मागितले, त्यांनी दिले.

सरांना पटलं ते गणित इथे लिहून ठेवते. टेस्ट हजार आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच कोडचा दोष नसताना पडते, असं धरा. एकेकटी बघितली तर प्रत्येक टेस्ट ९९.९ टक्के भरवशाची. पण हजारच्या हजार एका दमात पास व्हायची शक्यता म्हणजे ०.९९९ चा हजारावा घात, साधारण ३७ टक्के. शंभरातली ६३ बिल्डं लाल! गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते. त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा (कोड न बदलता कधी पास, कधी नापास होणं) होता, आणि एखादी टेस्ट हिरव्यावरून लाल झाली तर अशा ८४ टक्के प्रसंगांत फ्लेकी टेस्टचाच हात होता.

आजपासून नियम एकच. 'पुन्हा चालवा' दाबायला बंदी नाही, पण दाबण्याआधी पुरावा ठेवायचा. कमिट (कोडची नेमकी आवृत्ती), मशीन, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, टेस्ट कोणत्या क्रमाने चालल्या, कोणत्या वर्करवर (टेस्ट समांतर चालवणाऱ्या प्रोसेसवर) चालल्या आणि रँडमचा सीड (ज्या आकड्यावरून रँडम निवडी ठरतात तो) कोणता होता, हे सगळं प्रत्येक बिल्डच्या शेवटी एका टेबलात आपोआप जमा होईल अशी स्क्रिप्ट आज लावली. सीड छापण्याचं काम पायटेस्टचं (पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचं) 'रँडमली' प्लगइन करतं. ते टेस्टचा क्रमही ढवळून काढतं, त्यामुळे पहिले काही दिवस लाल बिल्डं वाढतील. सगळ्यांना तशी कल्पना देऊन ठेवली आहे.

मंगळवार, १७ जून

रात्री रनर (बिल्ड चालवणारी मशीन) रिकामेच असतात, म्हणून कालचंच कमिट रात्रभर पुन्हा पुन्हा चालवलं. सकाळी येऊन बघते तर पडलेल्या टेस्टची यादी लांबलचक. टेस्टच्या नावाप्रमाणे लावून काहीच हाती लागेना. मग एररच्या मजकुराप्रमाणे गठ्ठे केले तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. एवढ्या टेस्ट, पण कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या कामात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या एका पायरीचा, म्हणून मुद्दाम नोंदवते.

टीममध्ये एक समज पक्का आहे की 'गुरुवारी टेस्ट पडतात'. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते, वीज जाते-येते आणि ऑफिसमधला रनर यूपीएसवर जातो, म्हणून हा संशय. टेबलात वार लावून बघितले. गुरुवार काही वेगळा दिसला नाही. वेगळी दिसली ती वेळ. एक गठ्ठा संपूर्णपणे रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांच्यामधला आहे.

बुधवार, १८ जून

साडेपाच हा आकडा दिसला की भारतातल्या प्रोग्रॅमरने दुसरं काही शोधायला जाऊ नये. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्री बारा वाजून तारीख बदलते, तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रनर यूटीसीवर चालतो. ॲपमध्ये 'आजची तारीख' डेटाबेसकडून येते आणि डेटाबेस एशिया-कोलकाता टाइमझोनवर आहे. टेस्टने मात्र 'आज' विचारलं ते रनरच्या मशीनला. त्या साडेपाच तासांत दोन्हीकडच्या तारखांमध्ये एक दिवसाचा फरक पडतो. टेस्टच्या हिशेबाने आज मुदत संपणारी ठेव ॲपच्या हिशेबाने कालच संपलेली असते आणि व्याजाचा आकडा जुळत नाही. रात्री बारानंतर कोड पाठवणारे (पुश करणारे) आमच्यात दोघं-तिघंच, म्हणून हे कधीमधी दिसायचं.

रोजकीर्दीचं कोड ओळ न् ओळ वाचून काढलं. ते बरोबर आहे, चूक फक्त टेस्टमध्ये. दुरुस्ती म्हणून तारीख मशीनला विचारणं बंद केलं. व्याजाच्या प्रत्येक फंक्शनला ती बाहेरूनच द्यायची. जोडीला एक वेगळा जॉब लावला, जो घड्याळ मुद्दाम अडचणीच्या क्षणांवर नेऊन सगळ्या टेस्ट चालवतो: ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, ३१ मार्चच्या रात्री बाराच्या अलीकडे-पलीकडे. या जॉबने लगेच एक नवी टेस्ट पाडली. तिच्यात 'एक महिन्यानंतर' म्हणजे फक्त महिन्याचा आकडा एकने वाढवला होता. ३१ जानेवारीनंतर ३१ फेब्रुवारी येत नाही, त्यामुळे पायथन सरळ एरर देतो. ही टेस्ट एरवी काही ठरावीक तारखांनाच पडली असती.

शुक्रवार, २० जून

आज पालख्या पुण्यात. रस्ते बंद, बहुतेकांचं काम घरून. फोन कमी, त्यामुळे पासबुकाचा गठ्ठा शांतपणे उलगडता आला.

तक्रार अशी की पासबुकातल्या नोंदींचा क्रम कधीकधी उलटा येतो: आधी व्याज, मग कर्जाची वसुली, किंवा याच्या उलट. क्वेरीत ऑर्डर बाय (ओळी कोणत्या क्रमाने द्यायच्या ते सांगणारा भाग) आहे, तोही नोंद केल्याच्या वेळेवर. मग क्रम बदलतोच कसा? वेळा छापून बघितल्या तर सगळ्या नोंदींची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत तंतोतंत सारखी. पोस्टग्रेसचं, म्हणजे आमच्या डेटाबेसचं, 'नाऊ' फंक्शन आत्ताची वेळ देत नाही, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू झाल्याची वेळ देतं. खरी चालू वेळ हवी असेल तर 'क्लॉक टाइमस्टॅम्प' वापरावं लागतं. आमची प्रत्येक टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि शेवटी रोलबॅक, म्हणजे रद्द, होते. म्हणजे टेस्टमधल्या झाडून सगळ्या नोंदींची वेळ एकच, आणि वेळ एकच असेल तर कोणती ओळ आधी द्यायची हे पोस्टग्रेसच्या मर्जीवर.

बहुतेक वेळा ओळी घातल्या त्याच क्रमाने मिळतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण रोलबॅक झालेल्या जुन्या ओळी टेबलात मेलेल्या अवस्थेत पडून राहतात. ऑटोव्हॅक्यूम हा पोस्टग्रेसचा सफाई कामगार मधूनच येऊन त्यांची जागा मोकळी करतो आणि पुढच्या ओळी त्या मोकळ्या जागांत जाऊन बसतात. ऑटोव्हॅक्यूम नेमका कधी येईल हे आमच्या हातात नाही. टेस्ट कधी पडेल हेही म्हणूनच आमच्या हातात नव्हतं.

आता हा फक्त टेस्टचा प्रश्न आहे का? नाही. पगारातून होणारी कपात आम्ही पतसंस्थेसाठी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकतो, आणि तिथे एकाच सभासदाच्या दोन-तीन नोंदी एका वेळेच्या असतात. सभासदाच्या हातातल्या पासबुकात त्यांचा क्रम बदलला तर शेजारची शिल्लक वाचणाऱ्याला चुकीचीच दिसणार. ऑर्डर बायमध्ये वेळेनंतर नोंद क्रमांक जोडला. बदल एका शब्दाचा, पण तो गेला ॲपच्या कोडमध्ये.

याच गठ्ठ्यात 'नव्या खात्याचा क्रमांक १ असला पाहिजे' असं मानणाऱ्या काही टेस्ट सापडल्या. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (ओळीने क्रमांक देणारा मोजक) रोलबॅकनंतर मागे येत नाही. दुरुस्त केल्या, जास्त लिहिण्यासारखं नाही.

सोमवार, २३ जून

एसएमएसच्या टेस्ट. हप्ता भरला की सभासदाला मेसेज जातो. तो पाठवण्याचं काम मागच्या बाजूला वेगळी प्रोसेस करते. टेस्ट दोन सेकंद थांबते आणि मेसेज गेला का ते बघते. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पास, सीआयवर मधूनच पडते. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी अपाचेच्या प्रकल्पांमधल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या होत्या. त्यात सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ४५ टक्के, याच जातीचा होता: काम पूर्ण व्हायची नीट वाट न बघणं.

दोनाचे पाच सेकंद करून मोकळं व्हायला आम्ही तयार नव्हतो. एरवी अर्ध्या सेकंदात होणारं काम सीआयवर दोन सेकंदांत का होत नाही, हे आधी कळायला हवं होतं. उत्तर कंटेनरमध्ये, म्हणजे प्रत्येक जॉब ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो त्यात, मिळालं. ऑफिसचा रनर सोळा कोअरचा. प्रत्येक जॉबच्या कंटेनरला आम्ही दोन सीपीयूचा कोटा दिलेला. टेस्ट अनेक वर्करवर वाटणाऱ्या पायटेस्टच्या एक्सडिस्टला वर्कर किती हवेत ते 'ऑटो' वर सोडलेलं. ऑटो कोअर मोजतो, पण त्याला दिसतात अख्ख्या मशीनचे कोअर. डॉकरचा (कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा) कोटा त्याला दिसत नाही. परिणामी दोन सीपीयूच्या जागेत सोळा वर्कर एकमेकांना ढकलत होते, आणि मेसेज पाठवणारी बिचारी प्रोसेस रांगेत शेवटी.

हे पक्कं करण्यासाठी लॅपटॉपवर तोच कंटेनर दोन सीपीयूवर बांधून सोळा वर्करसकट चालवला. लॅपटॉपवर कधीच न पडलेली टेस्ट आता हुकमी पडायला लागली. पडायला लावता आली की निम्मं काम झालं.

वर्करची संख्या ठरावीक केली. टेस्टमधलं दोन सेकंद थांबणं काढून त्याजागी 'मेसेज दिसेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने बघ, तीस सेकंदांत नाही दिसला तर पड' असं लिहिलं. वेळ मोजायला मोनोटोनिक घड्याळ वापरलं, कारण मशीनची वेळ एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने) मधेच पुढेमागे सरकवली तरी त्या घड्याळावर परिणाम होत नाही. गंमत म्हणजे टेस्ट आता आधीपेक्षा लवकर संपतात. उगाच थांबणं गेलं.

मंगळवार, २४ जून

लहानसं पण डोकं खाणारं. खोटा एसएमएस गेटवे (मेसेज पुढे पाठवणाऱ्या सेवेचं सोंग) टेस्टसाठी ४५००० या पोर्टवर (मशीनवरच्या कनेक्शनच्या क्रमांकावर) सुरू व्हायचा आणि क्वचित 'पोर्ट आधीच वापरात आहे' म्हणून पडायचा. वापरतंय कोण ते सापडेना. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला स्वतःहून पोर्ट देतो तो एरवी ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातून. आमचा पोर्ट नेमका त्याच पट्ट्यात, त्यामुळे कधीतरी डेटाबेसचं एखादं कनेक्शनच त्यावर जाऊन बसायचं. आता गेटवे शून्य पोर्ट मागतो, सिस्टिम मोकळा असेल तो देते, आणि टेस्ट तो क्रमांक विचारून घेते.

बुधवार, २५ जून

आज जे सापडलं त्यासाठी हे दोन आठवडे सार्थकी लागले.

एक टेस्ट फार क्वचित पडायची. नवा सभासद नोंदवायचा, मग आडनावाने शोधायचा. एरर एवढीच: सभासद सापडला नाही. आडनाव नमुन्याच्या यादीतून रँडम उचललं जातं. यादीत साठएक आडनावं. पहिल्या सोमवारी लावलेल्या स्क्रिप्टमुळे आता सीड हाताशी होता. तोच सीड दिला आणि पहिल्याच फटक्यात टेस्ट पडली. दुसऱ्यांदा दिला, पुन्हा पडली. आडनाव निघालं कऱ्हाडे.

लॉगमध्ये साठवलेलं नाव कऱ्हाडे, शोधलेलं नाव कऱ्हाडे. डोळ्यांना काडीचा फरक नाही. नुकतीच रुजू झालेली टीममधली मुलगी म्हणाली, "मॅडम, अक्षरांचे कोड छापून बघू या का?" छापले. साठवलेल्या नावात 'क' नंतर यू+०९३१, म्हणजे 'ऱ' हे एकच चिन्ह. शोधलेल्या नावात त्याजागी दोन: यू+०९३० आणि यू+०९३C. 'र' आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान, पण बाइट वेगळे, आणि डेटाबेस बाइट बघतो.

शोधाच्या फंक्शनमध्ये कुणीतरी केव्हातरी एनएफडी नॉर्मलायझेशन (युनिकोडची एक प्रमाण मांडणी) घातलेलं आहे, इंग्रजी नावांवरच्या खुणा सुट्या करण्यासाठी. ते फक्त शोधल्या जाणाऱ्या शब्दाला लागतं. साठवलेलं नाव जसं टाइप केलं तसंच राहतं. मराठीत रोज वापरल्या जाणाऱ्या अक्षरांपैकी एनएफडीत फुटणारं अक्षर म्हणजे हा 'ऱ'. 'ळ' फुटत नाही, 'ऑ' फुटत नाही, 'क्ष' आणि 'ज्ञ' मुळातच सुट्या चिन्हांचे बनलेले. त्यामुळे कुलकर्णी, पवार, काळे, शिंदे सगळे सापडतात. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे सापडत नाहीत. आमच्या यादीत असं आडनाव एकच होतं, म्हणून टेस्ट साठात एकदा पडायची.

म्हणजे टेस्ट सुरुवातीपासून खरं बोलत होती. अपयशी टेस्ट आपोआप पुन्हा चालवायची सोय आम्ही लावली असती, तर दुसऱ्या फेरीत दुसरं आडनाव निघालं असतं, बिल्ड हिरवं झालं असतं आणि हा दोष आणखी कित्येक वर्षं तसाच पडून राहिला असता.

गुरुवार, २६ जून

दुपारी एका पतसंस्थेच्या लेखनिक काकांना फोन केला. विचारलं, गोऱ्हे आडनावाचा सभासद नावाने सापडतो का? काका म्हणाले, "नाही ना मॅडम. ती माणसं आम्ही खातं नंबरनेच काढतो. पासबुक विसरून आला तर मग जुनं रजिस्टर बघायचं." कधी कळवलं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "मशीनला ते अक्षर जमत नसेल असं वाटलं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ अस्वस्थ वाटत राहिलं. काउंटरवर ताटकळणाऱ्या त्या माणसांच्या तक्रारीचा आमच्यापर्यंत पोहोचलेला एकमेव आवाज म्हणजे ती क्वचित लाल होणारी टेस्ट.

दुरुस्ती करताना आणखी एक रूप सापडलं. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या मजकुरात हाच अर्धा 'ऱ' आधी 'र', मग हलन्त आणि झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह, असा लिहिलेला असतो. पडद्यावर तोही अगदी तसाच दिसतो, पण युनिकोडचं कोणतंही नॉर्मलायझेशन त्याला 'ऱ' मध्ये बदलत नाही. त्यामुळे शोधासाठी वेगळा रकाना केला. त्यात नाव आधी एनएफसीत (सुटी चिन्हं पुन्हा जोडणाऱ्या मांडणीत) आणायचं, मग हे तिसरं रूपही 'ऱ' वर आणायचं. साठवताना आणि शोधताना हे एकच फंक्शन वापरायचं. छापायचं नाव मात्र सभासदाच्या केवायसीत आहे तसंच. त्याला हात लावायचा नाही. चारही आडनावं तिन्ही रूपांत कायमच्या टेस्टमध्ये घातली. जुना डेटा नव्या रकान्यात भरायची स्क्रिप्ट आवृत्तीसोबतच जाईल.

शुक्रवार, २७ जून

सरांचा प्रश्न: दुरुस्त झालं हे कशावरून? पन्नासात एकदा पडणारी टेस्ट दहा वेळा सलग पास झाली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुरुस्ती न करताही ८२ टक्के वेळा तसंच होईल. ९५ टक्के खात्री हवी असेल तर सलग १४९ वेळा पास झाली पाहिजे. सोपा हिशेब असा, की जितक्यांत एकदा पडते त्याच्या तिप्पट वेळा चालवायची. हा आकडा आता प्रत्येक तिकिटावर (कामाच्या नोंदीवर) लिहायचा.

आपोआप तीन वेळा चालवायच्या सोयीवर बरीच चर्चा झाली. पन्नासात एकदा पडणारी टेस्ट तिन्ही वेळा पडायची शक्यता सव्वा लाखात एक. बिल्ड हिरवं राहील हे खरं, पण तसं हिरवं आम्हाला नको. तोडगा असा निघाला: कारण सापडेपर्यंत टेस्ट बाजूच्या जॉबमध्ये हलवायची. ती तिथे रोज चालेल, बिल्ड अडवणार नाही. मात्र तिच्यावर कुणाचं तरी नाव आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख असेल. तारीख उलटली की टेस्ट आपोआप मुख्य जॉबमध्ये परत येईल. सर सुरुवातीला नाखूश होते, कऱ्हाडे प्रकरण ऐकल्यावर तयार झाले.

सोमवार, ३० जून

क्रमावर अवलंबून असलेली शेवटची जोडी आज सुटली. ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवीच्या दराची टेस्ट एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर कधीकधी नापास. तिच्या आधी त्याच वर्करवर चाललेल्या टेस्टची यादी घेतली आणि निम्मी निम्मी करत गेले. हजाराची यादी असली तरी दहा फेऱ्यांत एकावर येते. एका टेस्टने दरांचा तक्ता बदलला होता. तिचा डेटाबेसमधला बदल रोलबॅक झाला, पण पायथनच्या कॅशमध्ये (वेग वाढवण्यासाठी मेमरीत ठेवलेल्या प्रतीत) तोच दर राहून गेला. आता प्रत्येक टेस्टच्या शेवटी कॅश रिकामा होतो.

संध्याकाळी आवृत्ती गेली. काकांनी फोन करून सांगितलं की गोऱ्हे सापडतात, आणि सोबत 'वऱ्हाडे' टाकून बघितलं तेही.

बाजूच्या जॉबमध्ये आता एकच टेस्ट उरली आहे, पावती छापण्याची. ब्राउझरमध्ये छपाईची खिडकी उघडण्याआधीच ती पुढे जाते असा अंदाज आहे. प्लेराइटचा (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाचा) ट्रेस चालू ठेवला आहे, तिकीट नव्या मुलीच्या नावावर, तारीख १४ जुलै.